स्कॉलरशिपचं वर्ष आणि चुकलेली ओळ

जून २०२४ मध्ये माझ्याकडे पाचवीचा वर्ग आला. त्याआधीची सगळी नोकरी पहिली-दुसरीला शिकवण्यात गेलेली. शाळा कोयना खोऱ्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी. शिक्षक दोन, पट अडतीस, त्यातली पाचवीत अकरा मुलं. हजेरीपत्रक हातात देताना आमचे मुख्याध्यापक एवढंच म्हणाले, "बाई, पाचवी म्हणजे स्कॉलरशिप. गाव बाकी काय विचारत नाही, तेवढा निकाल विचारतं."

मी लहानपणी ही परीक्षा चौथीत दिली होती आणि नापास झाले होते. ते मी सरांना सांगितलं नाही.

पुढच्या दीड वर्षात जे झालं ते क्रमाने लिहिते आहे, कारण पहिल्यांदा हा वर्ग घेणाऱ्या शिक्षकाला किंवा पालकाला नेमकं काय कधी करायचं हे एका जागी सांगणारं मला तेव्हा कुणी भेटलं नाही. जो तो आपापला तुकडा सांगायचा.

आधी परीक्षेविषयी. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. कागदोपत्री नाव 'पूर्व उच्च प्राथमिक शिष्यवृत्ती परीक्षा', बोलताना सगळे स्कॉलरशिपच म्हणतात. २०१६-१७ पासून ती चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला होऊ लागली. पाचवीला दोन पेपर होते. पहिल्यात प्रथम भाषेचे २५ आणि गणिताचे ५० प्रश्न, दुसऱ्यात इंग्रजीचे २५ आणि बुद्धिमत्ता चाचणीचे ५०. प्रत्येक प्रश्नाला दोन गुण, म्हणजे एक पेपर दीडशेचा. वेळ दीड तास. हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद मिळतात, आणि गोल रंगवायचा वेळ त्यातच धरायचा. पात्र व्हायला दोन्ही पेपरांत वेगवेगळे ४० टक्के लागतात. हे 'वेगवेगळे' नीट लक्षात ठेवा. ते मला फार महागात पडलं.

मुलांची पहिली चाचणी मात्र स्कॉलरशिपची नव्हती. १० ते १२ जुलैला राज्यभर नियतकालिक मूल्यांकनाची पायाभूत चाचणी झाली. भाषा, गणित, इंग्रजी, सगळ्या शाळांना सारखीच छापील प्रश्नपत्रिका. ती तपासायची आपणच, आणि प्रत्येक मुलाचे प्रश्ननिहाय गुण मोबाईलवरच्या चॅटबॉटमध्ये भरायचे. आमच्याकडे रेंज शाळेमागच्या टेकाडावर येते. दोन संध्याकाळी मी तिथे दगडावर बसून गुण भरले. फायदा एक झाला: अकरापैकी चौघांना वजाबाकीतला हातचा कळत नाही, हे जुलैतच समजलं. नाहीतर दिवाळीपर्यंत मी अपूर्णांकांच्या मागे धावत राहिले असते.

ऑगस्टपासून जादा तास सुरू केला, शाळा भरण्याआधी साडेनऊ ते साडेदहा. वस्तीवरच्या दोन मुलांना तेवढ्या लवकर येणं जमत नव्हतं, तर त्यांच्यासाठी दुपारच्या सुट्टीत अर्धा तास. पुस्तकांवर उगाच खर्च करू नका. परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूच्या फुकट मिळतात. मी एकच सराव पुस्तक घेतलं, तेही दोनशे रुपयांचं, आणि बाकी झेरॉक्सवर भागवलं. वर्षभराचं झेरॉक्सचं बिल सातशेच्या आसपास गेलं.

भाषा-गणिताचं टेन्शन नव्हतं, बुद्धिमत्तेचं होतं. हा विषय शाळेच्या वेळापत्रकात नसतोच. डीएडच्या मानसशास्त्राच्या पुस्तकात सामूहिक चाचणीचा धडा होता. फ्रान्सच्या बिनेची बुद्धिमत्ता चाचणी एकेका मुलाला समोर बसवून घ्यायची. पुढे पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, अमेरिकेला लाखो सैनिकांची एकदम चाचणी घ्यायची होती. तेव्हा वाचता येणाऱ्यांसाठी आर्मी अल्फा आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची आर्मी बीटा आली. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते. आता सराव पुस्तकातल्या आकृत्या बघताना वाटलं, ह्या त्याच घराण्यातल्या दिसतात: मालिका, गटात न बसणारं पद, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, जलप्रतिमा, फासे, दिनदर्शिका.

आरशातली प्रतिमा फळ्यावर शिकवून तीन दिवस वाया गेले. चौथ्या दिवशी एका मुलीने घरून दाढी करायचा आरसा आणला. तो वहीच्या उजव्या कडेला उभा धरला, तसे डावे-उजवे दोन मिनिटांत सगळ्यांच्या डोक्यात उतरले. जलप्रतिमेसाठी पोषण आहाराच्या मावशींकडून परात मागून घेतली, पाणी भरून व्हरांड्यात ठेवली आणि काठावर इंग्रजी अक्षरांची कार्डं उभी धरली. मावशी म्हणाल्या, "बाई, तांदूळ धुवायचंत, तुमचं अक्षर बगून झालं का?" फाशांना लुडोचाच फासा घेतला. समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते हे मुलांनी स्वतः शोधलं. सराव पुस्तकातल्या फाशांना मात्र तो नियम लागू असेलच असं नाही, हे निराळं समजावावं लागलं.

एका गणितात लिफ्ट होती. सातव्या मजल्यावरून चार मजले खाली, मग दोन वर. अकरापैकी नऊ जणांनी लिफ्ट पाहिलेली नव्हती. वजाबाकी येत होती, पण मजले कुठून मोजायचे हे कळेना. मी लिफ्टच्या जागी विहिरीच्या पायऱ्या घातल्या आणि प्रश्न चटकन सुटला. पण पेपरात पायऱ्या थोड्याच असणार होत्या, म्हणून मग लिफ्टही शिकवली. चाचणी सगळ्यांना सारखी असते, मुलं सारख्या घरांतून येत नाहीत. यावर मी वर्षभर मनातल्या मनात भांडत होते. भांडून शिकवायचं काही टळत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर फॉर्म सुटले. फॉर्म पालक भरत नाहीत, शाळा भरते. अकरा आकडी यूडायस क्रमांकाने, म्हणजे शाळेच्या सरकारी ओळख क्रमांकाने, शाळेचं लॉगिन होतं. आधी शाळेची नोंदणी करायची, मग एकेका मुलाची माहिती: नाव जनरल रजिस्टरप्रमाणे, जन्मतारीख, आईचं नाव, सरलचा (राज्याच्या विद्यार्थी नोंदणीचा) १९ आकडी आयडी, आधार, माध्यम, फोटो, सही. बिगरमागास मुलांना शुल्क २०० रुपये आणि मागासवर्गीयांना १२५, शिवाय शाळेची नोंदणी २००. नऊ मुलं बसली. दोघांच्या घरी ऊसतोडीला जायचं ठरलं होतं, ती दिवाळीनंतर नसणार होती. एकूण १६२५ रुपये झाले. मागू नये असं वाटत होतं तरी शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय ठेवला. एका आजोबांनी सदऱ्याच्या खिशातून पाचशेची नोट काढून टेबलावर ठेवली, मग बाकीचे जमले. काही ठिकाणी जिल्हा परिषद किंवा ग्रामपंचायत ही फी भरते. आधीच विचारून ठेवा. मी विचारलं नव्हतं.

सहीची गंमत सांगायलाच हवी. दहा वर्षांच्या मुलांना सही कुठली असायला? कोऱ्या कागदावर काळ्या पेनाने सही करा म्हटलं, तर आठ जणांनी पूर्ण नाव लिहिलं आणि एका पोराने बापाची सही केली, अगदी हुबेहूब. मग एक अख्खा तास 'आपली सही' या विषयावर गेला. कुणी शेवटी दोन टिंबं दिली, कुणी खाली लांब रेघ ओढली. एका मुलीने आडनावाच्या शेवटच्या अक्षराला मोठी वेलांटी काढून तिचं टोक परत पहिल्या अक्षराशी नेऊन जोडलं. ही मुलगी पुढे परत येणार आहे.

फॉर्म भरताना एक चूक माझी झाली. एका मुलाच्या आडनावात 'ळ' च्या जागी 'ल' पडला आणि शुल्क भरल्यावर दिसला. जानेवारीत प्रवेशपत्रं शाळेच्या लॉगिनला आली, त्यावर तो 'ल' ठसठशीत छापलेला. दुरुस्तीची विनंती लॉगिनमधूनच केली. परीक्षेला त्यावाचून काही अडलं नाही, पण प्रमाणपत्रावर चुकलेलं नाव आलं तर पुढे बँकेत अडतं. म्हणून फॉर्म पक्का करण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. आपली चूक आपल्या डोळ्यांना दिसत नाही.

मध्येच ४ डिसेंबरला परख राष्ट्रीय सर्वेक्षण झालं, देशभर तिसरी, सहावी आणि नववीचं. नमुन्यात आमची तिसरी निघाली. बाहेरून क्षेत्रीय अन्वेषक आले, आम्ही वर्गाबाहेर. त्यात एकेका मुलाचा निकाल मिळत नाही. आकडे जिल्ह्याचे, राज्याचे, आणि तेही पुढच्या जुलैत. तिसरीतला एक पोरगा मला आठवडाभर विचारत होता, "बाई, मला किती पडले?" काय सांगणार?

जानेवारीत उत्तरपत्रिकेचा सराव घेतला. ओएमआरच्या, म्हणजे यंत्राने तपासायच्या गोलांच्या उत्तरपत्रिकेच्या, नमुन्याच्या झेरॉक्स काढल्या, काळा बॉलपेन. पेन्सिल चालत नाही आणि एकदा रंगवलेला गोल बदलता येत नाही. पहिल्या दिवशी पेनाच्या दाबाने तीन कागद फाटले. एक मुलगा गोल इतका मन लावून रंगवायचा की त्याचे ९० मिनिटांत ५१ प्रश्नच झाले. त्याला सांगितलं, ही रांगोळी नाही बाळा, आतलं पांढरं झाकलं की पुरे. मग मी सगळ्यांना पक्का नियम दिला: अवघड प्रश्नापाशी थांबायचं नाही, सोडून पुढे जायचं, शेवटी परत यायचं. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून शेवटची पाच मिनिटं उरलेल्या जागा भरायच्या. प्रश्नपत्रिका घरी आणता येते, तेव्हा आपण निवडलेलं उत्तर तिथेही खूण करून ठेवायचं. सगळेच नियम दिसायला सरळ होते.

परीक्षा ९ फेब्रुवारी २०२५, रविवार. केंद्र तालुक्याच्या गावी. रविवारी सकाळची एसटी भरवशाची नाही, म्हणून येण्याजाण्याला वडापची जीप ठरवली, बाराशे रुपये. नऊ मुलं, तीन पालक आणि मी. घाटात दोघांना उलट्या झाल्या. (लिंबू न्या. आणि सकाळी पोटभर पोहे खाऊ घालू नका.) पहिला पेपर अकरा ते साडेबारा, दुसरा दोनला. शिक्षकांना आत सोडत नाहीत. गेटाबाहेर वडाच्या पारावर चाळीसेक शाळांचे शिक्षक बसले होते. सगळे मोबाईल काढून बसलेले, पण बघत कुणीच नव्हतं. मध्यंतरात डबे खाल्ले. मुलांना पहिल्या पेपराचं काहीही विचारायचं नाही असं पालकांना बजावलं होतं. ते माझं मलाच पाळता आलं नाही. "गणित कसं गेलं?" विचारून बसले. वेलांटीवाली मुलगी पोळीचा घास हातात धरून म्हणाली, "बाई, माझं एक खालीवर झालं." मला वाटलं, एखादं उत्तर. म्हटलं, असू दे, जेव.

उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत मुलांजवळ असते. ती त्याच दिवशी गोळा करा, नाहीतर तिचं विमान होतं. काही दिवसांनी तात्पुरती उत्तरसूची आली. प्रश्नपत्रिकेचे संच ए, बी, सी, डी असे असतात, म्हणून आधी संच बघायचा आणि मग ताडायचं. मी एकेकाचं तपासत बसले. तिचा पहिला पेपर हातात घेतला. भाषा चांगली. गणितात चाळीसपर्यंत ठीक. एक्केचाळीसपासून जवळजवळ सगळं चूक, पंचावन्नपासून पुन्हा मधून मधून बरोबर. मला कळेना. मग तिची प्रश्नपत्रिका शेजारी ठेवली. एक्केचाळिसावा प्रश्न अवघड म्हणून तिने सोडला होता, माझ्या नियमाप्रमाणे. पण उत्तरपत्रिकेवरची ओळ सोडली नाही. बेचाळीसचं उत्तर एक्केचाळीसच्या ओळीत, त्रेचाळीसचं बेचाळीसच्या, असं चोपन्नपर्यंत. चोपन्नची ओळ रिकामी उरली तेव्हा तिच्या ध्यानात आलं. पेन, खोडता येत नाही. पुढचं तिने बरोबर ओळीत भरलं आणि पेपर दिला. रडलीसुद्धा नाही.

तेरा गोल. प्रश्नपत्रिकेवरच्या खुणांप्रमाणे त्यातली दहा उत्तरं बरोबर होती. सरकलेल्या ओळीत चुकून तीन जुळली. माझ्या हिशेबाने तिला ५६ गुण पडत होते. पात्रतेला ६० लागतात. ओळ चुकली नसती तर ७० झाले असते. दुसऱ्या पेपरात १०४ होते, पण एका पेपरातले जास्तीचे गुण दुसऱ्याला देता येत नाहीत.

'सोडून पुढे जा' हा नियम माझा. पण सोडलेल्या प्रश्नाच्या ओळीचं काय करायचं, ते मी सांगितलं नव्हतं. या वर्षी मुलांच्या हातात पट्टी असते. उत्तरपत्रिकेवर चालू ओळीखाली पट्टी धरायची, आणि दर पाच प्रश्नांनी दोन्हीकडचे क्रमांक मोठ्याने, म्हणजे मनातल्या मनात मोठ्याने, वाचायचे. प्रश्न सोडला तर पट्टी एक ओळ खाली घ्यायची आणि मगच पुढचा प्रश्न वाचायचा. हे पहिल्या दिवसापासून करून घ्या, जानेवारीत नाही.

अंतरिम निकाल २५ एप्रिलला लागला. वार्षिक परीक्षा, संकलित मूल्यमापन, उन्हाळ्याची हजेरी या सगळ्यात तो लागेल तेव्हा लागेल म्हणून मी सोडून दिला होता. एसटी स्टँडवर उभी असताना फोन आला. नऊपैकी पाच पात्र. तिचे गुण ५६.

संध्याकाळी तिचे वडील शाळेत आले. गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, शाळेच्या लॉगिनमधून, पेपरला ५० रुपये. त्यांनी पन्नासची नोट आणलीच होती. मी कार्बन प्रत आणि प्रश्नपत्रिका समोर मांडली, ओळी दाखवल्या. म्हटलं, यंत्राने जे रंगवलं तेच वाचलंय, अर्ज करून यात काही बदलणार नाही. पैसे ठेवा. ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तिला येत हुतं." हो म्हटलं. "मग झालं," म्हणाले आणि दोन्ही कागद मागून घेऊन गेले. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांनी अर्ज जरूर करावा, पण मुदत थोडी असते आणि आधी कार्बन प्रत ताडून बघावी.

अंतिम निकाल आणि गुणवत्ता याद्या जुलैत आल्या. पात्र होणं वेगळं आणि शिष्यवृत्ती मिळणं वेगळं, हे पालकांना निकालाच्या आधीच सांगून ठेवा. त्या वर्षी पाचवीला राज्यभरातून पाच लाखांवर मुलं बसली, शिष्यवृत्ती मिळाली सोळा हजारांच्या वर थोड्यांना. आमच्या पाचांतला एक मुलगा ग्रामीण यादीत आला. तोच तो, रांगोळीवाला. त्याच्या घरी पेढे, शाळेत पेढे, उरलेल्या चौघांच्या घरी "मग आमचा पास झालाय ना?" हा प्रश्न. हो, पास झालाय, पण पैसे नाहीत. हे वाक्य मी चार दारांत चार वेळा बोलले.

रक्कम वर्षाला ५००० रुपये, तीन वर्षं. आठवीला ७५०० होते, दोन वर्षं. २०२३ च्या वाढीआधी पाचवीला जास्तीत जास्त हजार होते. पैसे मुलाच्या खात्यात येतात आणि इथेच बरेच जण अडकतात. मूल सहावीला दुसऱ्या शाळेत गेलेलं असतं, खात्याची माहिती नव्या शाळेने भरायची असते आणि नव्या शाळेला ते ठाऊक नसतं. आमच्या मुलाचं खातं होतं, पण दोन वर्षं व्यवहार नसल्याने बंद पडलेलं. वडिलांची एक दिवसाची मजुरी बुडाली, खातं चालू झालं, आधार जोडलं. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स घेऊन मी स्वतः हायस्कूलच्या लेखनिकांना भेटले. जानेवारी २०२६ उजाडला, पैसे अजून यायचे आहेत. प्रमाणपत्र आलं, त्याला लॅमिनेशन करू नका. झेरॉक्स काढताना चकाकतं आणि काही ठिकाणी घेत नाहीत.

आता पुन्हा सगळं बदललं आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा परत चौथी-सातवीला न्यायचं ठरवलं. मधल्या २०२५-२६ या एका वर्षात दोन्ही होणार असं ठरलं: पाचवी-आठवीची शेवटची फेब्रुवारीत आणि चौथी-सातवीची उन्हाळ्याच्या तोंडावर. म्हणजे आमच्या दोन शिक्षकी शाळेत दोन वर्ग तयारीला. परात दोनदा मागावी लागते, मावशी वैतागल्यात.

वेलांटीवालीचा धाकटा भाऊ चौथीत आहे. गेल्या आठवड्यात सह्यांचा तास घेतला. त्याने कागद आणून दिला, तर शेवटच्या अक्षराची वेलांटी थेट पहिल्या अक्षराला टेकलेली. म्हटलं, अरे, ही तर ताईची सही. तू तुझी कर.

"आमचं आडनाव एकच हाय की, बाई," तो म्हणाला. "मग सही का दोन?"